बरंच हाय

पहिल्याच भेटीत मी आबांच्या मुलीला मंद ठरवलं.

तसा माझा हेतू नव्हता. पुण्याच्या एका रुग्णालयाने कॅन्सरच्या उपचारांतून गेलेल्या माणसांचा अभ्यास काढला होता, आणि शिरूर-दौंड भागातल्या रुग्णांच्या घरी दर पंधरा दिवसांनी जाऊन त्यांचं त्यांनाच विचारायचं, हे काम माझ्याकडे आलं होतं. डॉक्टरांना काय वाटतं ते नाही, रिपोर्टात काय आलं ते नाही. माणसाला स्वतःला कसं वाटतंय, तेवढंच. झोप, भूक, दुखणं, थकवा, मनाची धास्ती. त्याआधी वीस वर्षं मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं होतं. नट-बोल्ट मोजणाऱ्याला माणसाचं दुखणंही मोजता येईल असं निवड करणाऱ्यांना का वाटलं, ते त्यांनाच ठाऊक.

प्रश्नावली पुण्यात कुणीतरी मराठीत केलेली. टॅबवर एकेक प्रश्न उगवायचा, तो जसाच्या तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, असं ट्रेनिंगमध्ये बजावलेलं. त्याप्रमाणे राहू गावाच्या अलीकडच्या एका वस्तीवर, आबांच्या ओसरीवर बसून मी घसा साफ केला आणि वाचलं, "गेल्या सात दिवसांत आपणांस क्षुधामांद्य जाणवले का?"

आबा खाटेवरून उठून उभे राहिले. "काय जाणवलं?"

"क्षुधामांद्य."

"सुधा मंद?" आबा म्हणाले. "आमची सुधा मंद? आवं, बी.ए. झालीय ती!"

सुधा त्यांची धाकटी लेक, दौंडला दिलेली. आबांनी तिथल्या तिथं तिला फोन लावला. "सुधे, तुझ्या सासरी कुणी काय बोललंय का? हितं पुण्याचा माणूस आलाय, तू मंद हायेस का म्हणून इचारतोय." त्यावर स्पीकरवरून सुधाताईंनी मला जे सुनावलं, त्यात मंदपणाचा लवलेश नव्हता.

"भूक कमी झालीय का, एवढंच विचारायचं होतं," मी शेवटी कसंबसं म्हटलं.

"मग भूक म्हणायला काय धाड भरलीवती?"

त्या दिवसापासून त्या वस्तीवर मी 'मंदवाले सायेब' झालो. रस्त्यात गाडी थांबवून कुणाला आबांचं घर विचारलं, तर तो आधी माझ्याकडे निरखून बघायचा आणि म्हणायचा, "तुमीच का ते मंदवाले?"

आबा साखर कारखान्याच्या काट्यावर होते. ऊस भरलेली गाडी आधी काट्यावर येते, वजन होतं, मग ऊस उतरवून रिकामी गाडी परत काट्यावर येते. भरल्यातून रिकामं वजा केलं की उसाचं वजन. तीसेक वर्षं आबांनी एवढंच काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर जगातल्या बाकीच्या वस्तू तोलायला घेतल्या. ओसरीच्या आढ्याला हूकचा लटकता काटा टांगलेला. पण तो नुसता खात्री करायला. खरा काटा त्यांच्या हातात. कुणी भेटलं की आपण रामराम करतो. आबा त्याच्या हातातली वस्तू काढून घेत, दोनदा वरखाली करत आणि आकडा सांगत. माझं हेल्मेट तोललं, "नऊशे. स्वस्तातलं हाय. सांभाळून चालवा." टॅब तोलला, "पाचशे. आन् एवढ्यात माझं सगळं दुखणं मावतं व्हय?" मग ते आढ्याच्या काट्याला लटकवून बघायचं, आणि आकडा दहा-वीस ग्रॅमच्या आत आला की आजीकडे बघून मान हलवायची.

आजी या प्रकाराला आयुष्यभर कंटाळलेल्या. मला म्हणाल्या, "लग्नात मलाबी उचलून बघितलं आसतं. मांडवात मानसं हुती म्हणून वाचले."

आबांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. पुण्याला किरणं देऊन झाली, सलाइनमधून औषधं झाली. गळ्यापाशी कातडी काळी पडलेली, त्यावर उन्हाळ्यातही मफलर. उंच माणूस, अंगावरचं मांस उतरल्यामुळे आणखी उंच वाटायचा. रुग्णालयाची फाइल मात्र दर खेपेला जाड होत होती. आबा ती तोलून म्हणायचे, "माझं उतरतंय तेवढं हिचं चढतंय. एकूण माल घरातच हाय."

आता अशा माणसाला मी विचारायचो, "आबा, गेल्या आठवड्यात थकवा वाटला का?" आणि टॅबवर उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप.

आबा डोळे मिटायचे. आत काहीतरी काट्यावर चढतंय असा चेहरा करायचे. बऱ्याच वेळाने म्हणायचे, "दहात सहा. पण ते भरल्या गाडीचं झालं. रिकामी गाडी कुणी तोलली? ह्या सहातलं तीन माझं आधीचंच हाय, सत्तरी उलटून गेल्याचं. दोन तुमच्या औषधाचं. आन् एक तुमच्या प्रश्नांचं."

"आबा, असं वजा करायला जागा नाही यात. चारातलं एक सांगा."

"मंग काटा चुकीचा हाय तुमचा."

मला घाई असायची. न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून इकडे यायचं, तीन-चार घरं करायची आणि दिवेलागणीच्या आत शिरूर गाठायचं. मी दर वेळी सांगायचो, "आबा, आकडे नकोत हो. शब्दात सांगा." अख्ख्या दोन तालुक्यांत नेमकं उत्तर देणारा हा एकच माणूस होता, आणि त्याची नेमकेपणाची खोड मोडायला मी चार महिने घेतले. शेवटी मोडली. मग झोपेचं विचारा, "बरंच हाय." भुकेचं विचारा, "बरंच हाय." गिळताना कसं वाटतं? "बरंच हाय की!" मी खूश. टॅबवर 'बरंच' होतंच. टकटक बोट मारायचं, चहा प्यायचा, उठायचं.

त्यांची एक खोड मात्र शेवटपर्यंत मोडली नाही. प्रश्न सुरू व्हायच्या आधी ते घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचे. आजींना, सुनेला, भेटायला आलेल्या पाव्हण्यांना. "गाडीवरची माणसं खाली उतरा," म्हणायचे. कारखान्यावर म्हणे वजन होताना कुणी ना कुणी गाडीवर बसून राहायचं, कधी चुकून, कधी मुद्दाम, आणि तेवढं वजन उसात धरलं जायचं. "हिच्यासमोर सांगितलं तर मी कमी सांगतो," आजींकडे बोट करून ते म्हणाले. "लेकीसमोर सांगितलं तर जास्त सांगतो, ती शिरा करती म्हणून. खरं वजन येकट्याचंच."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं ट्रेनिंगच्या दुसऱ्या फेरीत एका मोठ्या डॉक्टरांनी हेच तासभर पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. सगळे लिहून घेत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो. माझा तास ओसरीवर झालेला होता.

पुण्याला अभ्यासाचं काम बघणाऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्यापेक्षा खूप लहान, हुशार, कुणाला दुखावून बोलायच्या नाहीत. एकदा त्यांचा फोन आला, "तुमच्या भागाची उत्तरं बघतेय मी. 'बरंच' फार येतंय हो! इथल्या पेशंटपेक्षा कितीतरी जास्त. गावाकडच्या लोकांना एवढा त्रास होतोय आणि आपल्याला कल्पनाच नव्हती. यावर लिहायला हवं."

मला काय आनंद झाला सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी सापडलं होतं. असं का होत असेल, मॅडमनी विचारलं. अंतर लांब, एसटीची वानवा, मी सांगत गेलो. सांगता सांगता गुऱ्हाळाच्या धुराचंही सुचवलं. मॅडमनी तेही लिहून घेतलं. त्या धुराची मला अजून लाज वाटते.

कुणाचं लागोपाठ दोनदा 'बरंच' आलं की पुण्याहून नर्स फोन करायची, अशी पद्धत होती. तरी चूक सापडली नाही. कारण बहुतेक घरांत फोन दुसरंच कुणीतरी उचलायचं आणि "बरं हाय" म्हणून ठेवायचं. आबांनी मात्र स्वतः उचलला होता. नर्सनं विचारलं, "आबा, कसं वाटतंय?" आबा ठासून म्हणाले, "बरंच हाय!" नर्सनं लिहिलं: त्रास बरंच, कायम.

ती चूक बाहेर आली पावतीमुळे.

वजन झालं की गाडीवानाला पावती मिळते. आबांचा पहिल्यापासून हट्ट, "माझ्या उत्तराची पावती कुठाय?" टॅबमधून पावती निघत नाही, हे त्यांना पटायचं नाही. "पावती देत न्हाई त्यो काटा कसला? मनात काय लिव्हता ते तुमचं तुमाला ठावं." मी टाळाटाळ केली. शेवटी एकदा त्यांचं तोंड बंद करायला म्हणून मॅडमची परवानगी काढली आणि शिरूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या उत्तरांचा कागद काढून नेला.

आबांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून मोठ्यांदा वाचू लागले. "झोप न लागण्याचा त्रास, बरंच. भूक न लागण्याचा त्रास, बरंच. गिळताना त्रास, बरंच. वेदना, बरंच." कागद उलटा करून त्याची पाठ बघितली. "ह्यो कुणाचा कागद हाय?"

"तुमचाच."

"छ्या. ह्यो माणूस मराया टेकलाय."

"आबा, तुम्हीच सांगितलंत. मी विचारलं, झोपेचं कसं आहे? तुम्ही म्हणालात, बरंच हाय."

"मंग? बरंच हाय! झोप बरीच लागती. सकाळपस्तोर जाग न्हाई."

"बरंच म्हणजे... पुष्कळ?"

"बरंच म्हंजी बरं-च! वाईट न्हाई, बरं. बरं हाय म्हणून बरंच हाय. आवं, तुमी मराठीच हाय ना?"

आजी आतून चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. मी कागदाकडे बघत बसलो. बरं, आणि त्याला एक च. कंपनीत असताना एकदा मी सहा मिलिमीटरच्या बोल्टांच्या खोक्यात आठचे बोल्ट भरले होते, हे तसंच झालं होतं, आणि एका खोक्यापुरतं नाही. कारण असं सांगणारे एकटे आबा नव्हते. भीमेच्या अलीकडे-पलीकडे मी ज्या ज्या ओसरीवर बसलो होतो, तिथं तिथं हेच उत्तर आलं होतं. कुणी हसून, कुणी हात जोडून, कुणी गायीला वैरण टाकता टाकता: बरंच हाय की. आणि मी प्रत्येकाच्या नावावर त्रास चढवून आलो होतो.

मॅडमना फोन करताना माझा आवाज बारीक झाला होता. सगळं सांगितलं.  मग मॅडम म्हणाल्या, "बरं." या 'बरं'चा अर्थ विचारायचं मला धाडस झालं नाही.

दोन दिवसांनी पुण्याहून निरोप आला. कॉम्प्युटर बघणाऱ्याने सोपा मार्ग काढला होता. शिरूर-दौंडची जेवढी 'बरंच' आहेत तेवढी सगळी एका फटक्यात 'थोडं' करून टाकायची. माझी नोकरी शाबूत, मॅडमचं काम शाबूत, कुणाला परत त्रास नाही. मी इतका हलका झालो की ही गोड बातमी सांगायला त्या आठवड्याची पाळी नसताना आबांकडे गेलो.

आबा तेवढे एकदाच माझ्यावर खरोखर चिडले.

"समद्यांचं सारखंच?"

"हो. सोपं आहे. एक बटण."

"आमचा काटा बिघडला हुता येकदा," आबा म्हणाले. त्यांचा आवाज किरणांमुळे बसलेला, चिडले की शिट्टीसारखा यायचा. "मधूनमधून जास्त दाखवायला लागला. दुपारपस्तोर कळलंच न्हाई. सायेब म्हणलं, समद्यांचं सरसकट कापा, भानगड मिटली. मी न्हाई म्हणलं. यार्डात आडवा उभा राहिलो. काटा नीट करून घेतला आन् ज्या गाड्या खाली व्हायच्या हुत्या त्या समद्या परत काट्यावर घेतल्या. लोकांनी शिव्या घातल्या मला. आन् त्यात येक गाडी निघाली, सायेब, ती खरंच तेवढी भरलीवती. काटा दाखवत हुता तेवढीच. सरसकट कापलं आसतं तर खरं बोलणाराच खोटा झाला आसता."

आबांनी मफलर सारखा केला आणि पुढं म्हणाले,

"तुमच्या त्या समद्या बरंचमदी येखादा जरी खरंच 'लै हाय' म्हणत आसंल, तर त्याचं काय? कळवळून सांगितलं आसंल त्यानं. त्याचं दुखणं तुमी बटणानं पुसणार?"

हे मला सुचलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्याला सुचलं नव्हतं. मॅडमनाही सुचलं नव्हतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बटण दाबायचं नाही. प्रत्येकाला परत विचारा. आणि पुढच्या वेळेपासून 'बरंच' काढून 'पुष्कळ' घालू."

"मीबी येतो," आबा म्हणाले. हे नियमात कुठं बसत नव्हतं. मॅडमनी तोडगा काढला: आधी प्रत्येकाची परवानगी घ्यायची, ज्याला चालेल त्याच्याच घरात आबा आत येतील, बाकी ठिकाणी गाडीपाशी थांबतील. आजींनी डब्यात दुधात कालवलेली मऊ भाकरी दिली, मला बजावलं, "खड्डं बघून चालवा, त्यानला ठसका लागतो," आणि आबा मफलर आवळून माझ्या मागं बसले.

पुढं तीन आठवडे आम्ही असे हिंडलो. बहुतेक ठिकाणी खरोखरच बरं होतं. न्हावऱ्याच्या एका आप्पांनी तर मला दारातच झापलं, "परत? मी हाय का ग्येलो ते बघायला येता का काय तुमी?" आबा गाडीवरून ओरडले, "न्हाई वो, हेंचा काटा बिघडलाय, दुरुस्तीला निघालोय!" आप्पा हसले आणि आम्हाला गव्हाच्या हुरड्याला बसवून घेतलं. आबांना तो चावेना. त्यांनी मूठभर हातात घेऊन तोलला आणि माझ्या हातावर दिला.

यवतला एक खाला होत्या; खाला म्हणजे मावशी, मोहल्ल्यात सगळे त्यांना तसंच म्हणायचे. साठीच्या. मुलगा एसटीत कंडक्टर, सून घरीच शिवणकाम करायची. छातीचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालेलं. घर टापटीप, सून मायाळू. मी जाईन तेव्हा ती मशीन थांबवून सासूशेजारी येऊन बसायची, प्रश्न संपेपर्यंत त्यांचा हात हातात धरून. माझ्या टॅबवर खालांच्या नावापुढं पहिल्यापासून 'बरंच' होतं. मला खात्री होती, हेही तसलंच.

आबांना आत यायची खालांनी परवानगी दिली. "या आबा, बसा. तुमालाबी तीच बला का?"

"तीच," आबा म्हणाले. "माझी गळ्यात बसलीय."

मी विचारलं, "खाला, दुखण्याचं कसं आहे?"

"बऱ्या हायत आता," सून म्हणाली.

"बरंच हाय," खाला म्हणाल्या.

मी 'थोडं'वर बोट नेलं. तेवढ्यात आबा म्हणाले, "पोरी, च्या टाकतीस का? माझा गळा सुकलाय." ती उठून गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब, तुमी तिकडं तोंड करून बसा."

"मी?"

"तुमचं वजन न्हाई का? तुमी पुण्याचं मानूस. तुमच्यासमूर कोण रडगाणं गाईल?"

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर एका टायरवाल्याचं कॅलेंडर होतं. ते मी अजूनही पाठ म्हणून दाखवीन.

मागून आबांचा आवाज आला. "खाला, आजारायच्या आदी येका बैठकीला किती भाकऱ्या थापायच्या तुमी?"

"मी? वीस. लग्नकार्य आसलं तर चाळीस, पन्नास. मोहल्ल्यात माझ्याइतकी कुणी थापत नव्हतं."

"आन् आता?"

 सुनेनं आत स्टोव्हला पंप मारला तो ऐकू आला.

"येक," खाला म्हणाल्या. "दुसरीला पाठीतनं कळ येती. परातीला धरून बसते. बहू कपडे शिवत आसती तवा करते, म्हंजी तिला दिसत न्हाई."

"झोपता कशा?"

"झोपत नाय. टेकते. तीन उशा लावून." आणि मग एकदम, "आबा, लेकाला सांगू नका. त्यो ड्यूटी सोडून बसंल."

"दहात किती?"

"नऊ," खाला म्हणाल्या. एका क्षणात. इतक्या दिवसांत त्यांना आकडा कुणी विचारलाच नव्हता.

दारात कपबशा किणकिणल्या; सून चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिनं शेवटचं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "अम्मी, मी रोज सकाळी विचारते. रोज. तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तू इचारतीस, कशा हायसा म्हणून," खाला म्हणाल्या. "कशा हायसा म्हणल्यावर बरं हाय म्हणायचं आसतं बाळा. भाकरीचं कुणी इचारलं न्हाई."

भिंतीकडे तोंड होतं हे एक बरं झालं. मी टॅबवर 'खूप' दाबलं. ते दाबलं की पुण्याला लगेच निरोप जायचा. आम्ही यवतच्या चौकात पोचलो तोवर मॅडमचा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन पुण्याला गेला, पाठीचे फोटो काढले, दुखण्याच्या गोळ्या बदलल्या. पंधरवड्यानं मी गेलो तेव्हा खालांनी मला विचारू दिलंच नाही. म्हणाल्या, "सहा थापल्या." त्यातली एक मी खाल्ली.

त्या पहिल्या दिवशी यवतहून परतताना आबांना मी म्हटलं होतं, "आबा, तुम्ही होतात म्हणून सापडलं." आबा मागून म्हणाले, "पुढं बघून चालवा."

मॅडमचा तो गावाकडच्या त्रासाचा शोध अर्थातच विरघळून गेला. त्याबद्दल त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. गुऱ्हाळाचा धूर त्यांनी स्वतःच खोडला असावा.

अभ्यास संपला त्याला आता वर्ष होत आलं. आबांचा शेवटचा फॉर्म मी भरला तेव्हा शेवटचा प्रश्न होता, एकंदरीत तुमचं आयुष्य कसं चाललंय, एक ते सातमध्ये सांगा. इथं आकडे होते! आबांच्या तोंडावर असं हसू आलं, जणू सरकारनं त्यांचं म्हणणं मान्य केलं. आजींना बाहेर काढलं. डोळे मिटले. मी थांबलो, तोवर मला थांबता यायला लागलं होतं.

"सात कुणाला देत्यात?"

"ज्याचं सगळं उत्तम, त्याला."

"मंग सहा लिव्हा. येक रिकामं ऱ्हाऊ द्या. काटा हलायला जागा लागती, न्हाईतर त्यो अडकून बसतो."

अजून त्यांचा फोन येतो, दर रविवारी. गुऱ्हाळावरच्या मोठ्या काट्यावर उभं राहून ते स्वतःचं वजन करतात आणि मला आकडा सांगतात. चपला काढून. वाढतंय हळूहळू. मी ऐकतो, लिहून घेत नाही, पण त्यांना लिहितोय असं वाटावं म्हणून मधूनमधून "हं" म्हणतो.

यवतहून आलो त्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी पोचलो तो तरंगतच. हेल्मेट सोफ्यावर टाकलं आणि बाहेरच्या खोलीतूनच बायकोला सगळं सांगायला सुरुवात केली. ती शाळेतून येऊन स्वयंपाकघरात कणीक मळत होती. भाकरीचं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून बसल्याचं सांगितलं, टेकून झोपण्याचं सांगितलं. आपण कसं एका माणसाचं लपलेलं दुखणं शोधून काढलं, हे जरा रंगवूनच सांगितलं. आतून नुसता परातीचा आवाज. मग तोही थांबला.

"ऐकतेस ना? कशी आहेस?" मी म्हटलं.

"बरी आहे," ती म्हणाली. आणि मग, "आज आठवा दिवस, डाव्या हातानं मळतेय मी. उजवा खांदा वर जात नाही. अहो, भीमा ओलांडून लोकांना विचारायला जाता, हा मधला उंबरा तेवढा ओलांडा. आणि येताना फडताळातलं मलम घेऊन या."